विचारांवरची देखरेख

भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टी नुसती पेटलेली असून भागत नाही. तिची धग किती, वारा कमी पडतो की अधिक, हे पाहणारे कोणीतरी सतत जागे असावे लागते. मेंदूचेही तसेच आहे. विचार करणे हे एक काम. तो विचार नीट चालला आहे ना, हे पाहणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेव्हेल यांनी १९७०च्या दशकात ‘मेटाकॉग्निशन’ असे नाव दिले. आपण त्याला विचारांची देखरेख म्हणू.

समजा, येथील दहा वर्षांचा एखादा मुलगा सायकलवरून पडला व त्याच्या डोक्याला जबर मार बसला. जखम भरली, बोलणे-चालणे पूर्ववत झाले, पाढेही आठवू लागले. तरी गणित अर्धे टाकून तो उठतो आणि विचारले तर ‘झाले’ म्हणतो. घरी तो आळशी ठरतो, शाळेत उनाड. वस्तुतः तो खोटे बोलत नसतो. काम अपुरे राहिले हे त्याला उमगतच नाही. ही देखरेख मुख्यतः कपाळामागील मेंदूकडे असते, आणि तो भाग विशीनंतरही परिपक्व होत असतो. म्हणूनच बालपणीच्या इजेचे परिणाम कित्येकदा काही वर्षांनी, अभ्यास वाढल्यावर, उघड होतात.

यावर उपाय आहे काय? ज्या सोव्हिएत देशाशी १९५५ साली करार होऊन भिलाईचा कारखाना उभा राहिला, तेथील अलेक्झांडर लूरिया यांनी दुसऱ्या महायुद्धात मेंदूला जखम झालेल्या सैनिकांवर उपचार केले. हरपलेले कार्य बाह्य साधनांच्या आधारे, निराळ्या वाटेने, पुन्हा बांधता येते, हा त्यांचा सिद्धान्त. मुलांच्या बाबतीत हे साधन म्हणजे चार प्रश्न : मला काय करायचे आहे? कसे करीन? करतो आहे ना? जमले का? हे प्रश्न प्रथम कार्डावर लिहून द्यावेत; मग मुलाने ते मोठ्याने, पुढे पुटपुटत आणि अखेर मनातल्या मनात विचारावेत. गणितापूर्वी त्याला विचारावे, ‘दहांपैकी किती बरोबर येतील?’ तो नऊ म्हणेल, येतील पाच. येथे रागावू नये. हा फरक त्याचा त्यालाच सापडू द्यावा.

मायेपोटी आई रोज दप्तर भरून देते, तेव्हा देखरेख आईकडेच राहते. ती हळूहळू मुलाच्या हाती सोपविणे, हेच या उपचाराचे मर्म होय. काहींना ते कार्ड जन्मभर लागेल. चष्मा लावण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही.