यादीतले दुसरे तटकरे

दापोली आणि गुहागर हे रत्नागिरी जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ, पण खासदार निवडताना ते रायगडात मोजले जातात. म्हणून २०१४ साली इथल्या मतदारापुढे शिवसेनेचे अनंत गीते आणि राष्ट्रवादीचे सुनील तटकरे होते. यादीत खाली, अपक्षांमध्ये, आणखी एक सुनील तटकरे होते. वडिलांचं नाव तेवढं वेगळं. गीते २,११० मतांनी निवडून आले. दुसऱ्या तटकऱ्यांना मिळाली ९,८४९ मतं.

ही सगळी मतं चुकून पडली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मतदान गुप्त असतं. पण हिशेब करा. त्यांतल्या दर पाचांत एकाहून जरा जास्त जणांच्या मनात पहिले तटकरे असते, तरी निकाल फिरला असता.

चूक होते कशी? यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात अक्षरक्रम. ज्याला राष्ट्रवादीचं घड्याळ ठाऊक आहे तो नाव वाचतही नाही, थेट चिन्हावर बोट ठेवतो. ज्याच्या कानावर फक्त नाव पडलंय तो नाव शोधतो, आणि फसतो तो तोच. म्हणजे चुकीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी पेपर येतो, नमुना मतपत्रिका समजावून सांगणारं कुणी असतं, त्याचं मत जिथे जायचं तिथे जातं. बाकीच्यांचं मत मोजलं जातं, पण दुसऱ्याच्या खात्यात.

अजाण मतं इकडेतिकडे विखुरतात, एकमेकांना खोडतात आणि शेवटी जाणकारांचा कौल उरतो, असा दिलासा राज्यशास्त्रात दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. आंधळेपणाने दाबलेली बटणं विखुरतील. नामसाधर्म्याची चूक विखुरत नाही. ती एकाच बाजूची मतं खाते, आणि तीही नावाजलेल्या उमेदवाराचीच. चिन्हांचंही तेच. २०२४ साली साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' घेऊन उभे राहिलेले शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि पिपाणीचं चिन्ह मिळालेल्या अपक्षाने ३७ हजारांवर मतं घेतली. पण चिन्ह निदान गोठवता तरी येतं.

नावांवर तसा इलाज नाही. आईवडिलांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाला निवडणूक लढवण्यापासून अडवायचं कसं, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये नामसाधर्म्याच्या उमेदवारांविरुद्धची याचिका ऐकायला नकार दिला. त्याआधी, २०१५ पासून, निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आणला. हा उपाय मला सर्वांत शहाणा वाटतो, कारण त्याला मतदाराचं वाचन लागत नाही.

फोटो आले तरी नावं थांबली नाहीत. २०२४ च्या रायगडच्या यादीत गीत्यांच्याच नावाचे अपक्ष होते. त्या वेळी तटकरे ८२,७८४ मतांनी जिंकले, त्यामुळे त्या अपक्षांच्या मतांची कुणी फारशी चर्चा केली नाही.