दोष सुईचा

वैद्यकीय नियतकालिकांचे जुने अंक चाळायची मला सवय आहे. त्यातल्या एका लेखाने माझा पिच्छा कधीच सोडला नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या ४ ऑगस्ट १९८८च्या अंकात तो छापून आला. पानं जेमतेम पाच, विषय वरवर पाहता अगदी रूक्ष : एका विद्यापीठाच्या रुग्णालयात दहा महिन्यांत कर्मचाऱ्यांना सुया टोचल्या, त्या कशाच्या होत्या आणि कुठल्या क्षणी टोचल्या. पहिलं नाव जनीन जॅगर यांचं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या या साथरोगतज्ज्ञ. जगभरातल्या किती परिचारिका, लॅब टेक्निशियन आणि सफाई कामगार यांच्यामुळे आज धडधाकट आहेत याचा हिशोब कुणी मांडू शकणार नाही. आपल्याकडे मात्र हे नाव माझ्या कानावर कधी आलेलं नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण मूळ गोष्ट वाचकांना ठाऊकच आहे. रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई दुसऱ्याला टोचली की त्या रक्तातला विषाणू त्याच्या शरीरात जाऊ शकतो. एचआयव्हीच्या बाबतीत हा धोका हजारात साधारण तीन, हिपॅटायटिस सीच्या बाबतीत शंभरात सुमारे दोन. आणि हिपॅटायटिस बी? लस घेतलेली नसेल तर शंभरात सहा ते तीस. हे आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहा. सगळ्यांना धडकी भरते ती एचआयव्हीची, पण वॉर्डात काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षं गुपचूप गाठलं ते 'बी' काविळीने. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या अंदाजानुसार १९८३ साली तिथल्या सुमारे १७,००० आरोग्य कर्मचाऱ्यांना कामातून हा आजार जडला होता. त्याविरुद्धची लस १९८२पासून बाजारात होती, पण रुग्णालयांना तिची घाई नव्हती.

घाई झाली ती १९८४च्या डिसेंबरात. एड्सच्या विषाणूची लागण सुई टोचून एका परिचारिकेला झाल्याची इंग्लंडमधली नोंद 'लॅन्सेट'ने छापली आणि रुग्णालयं हादरली. मग सूचना निघाल्या. प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्यच आहे असं धरून वागा, हातमोजे घाला, वापरलेल्या सुईवर कॅप परत लावू नका, ती न वाकवता न मोडता थेट डब्यात टाका. सूचना योग्यच होत्या. भिंतींवर तक्ते लागले, वर्ग भरले. तरी सुया टोचतच राहिल्या, आणि टोचली की उत्तर ठरलेलं असे : सिस्टरचं लक्ष नव्हतं. सांगूनही कॅप लावायला गेली, भोगा आता.

हे उत्तर ज्यांना पटलं नाही त्या जॅगरबाई. त्यांचं आधीचं काम होतं मेंदूला होणाऱ्या इजांवर, आणि त्यात मोटार अपघातांचा भाग मोठा. मला वाटतं, सगळी किल्ली इथे आहे. मोटार अपघातांच्या अभ्यासात १९६०च्या दशकात विचारांची मोठी उलथापालथ झाली होती. तोवर अपघात म्हणजे चालकाची चूक. मग विल्यम हॅडन यांच्यासारख्या डॉक्टरांनी प्रश्नच फिरवला. चूक होणारच असं धरून चाला, आणि चूक झाल्यावर माणूस मरतो कशामुळे ते पाहा. छातीत घुसणारा स्टिअरिंगचा दांडा, टोकदार डॅशबोर्ड, पट्टा नसलेली सीट. गाडी बदला, माणसं वाचतील. या परंपरेत घडलेल्या बाई रुग्णालयात आल्या तेव्हा त्यांनी टोचून घेणाऱ्या हाताकडे कमी आणि सुईकडे जास्त पाहिलं.

त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुई टोचल्याची नोंद करायला आलेल्या प्रत्येकाला नीट बसवून विचारलं : वस्तू कोणती होती, हातात काय काय होतं, नेमकं काय करताना टोचली? अशा ३२६ घटना जमल्या. पहिली मोजणी अपेक्षित होती तशीच निघाली. साध्या डिस्पोजेबल सिरिंजने सर्वात जास्त, म्हणजे ३५ टक्के जणांना टोचलं. कुणीही इथे थांबला असता आणि सिरिंज कशी धरावी याचा आणखी एक वर्ग घेतला असता. बाई मात्र तिथून खरेदी विभागाच्या आकड्यांकडे वळल्या. रुग्णालयाने कुठली वस्तू किती विकत घेतली ते पाहून त्यांनी लाखामागे प्रमाण काढलं, आणि चित्र पार उलटं झालं. सिरिंज सर्वात खाली गेली : एक लाख सिरिंजांमागे फक्त ६.९ इजा. सिरिंजने इतक्यांना टोचलं ते केवळ ती सर्वात जास्त वापरली जाते म्हणून. वापरून झाल्यावर ज्यांचे भाग सुटे करावे लागतात अशा वस्तूंचं प्रमाण त्याच्या ५.३ पटीपर्यंत गेलं.

या यादीत वर होती सलाइनच्या नळीला जोडलेली सुई. मुख्य सलाइन चालू असताना दुसरं औषध द्यायचं तर त्या काळी दुसऱ्या बाटलीच्या नळीला सुई लावून ती मुख्य नळीवरच्या रबरी तोंडात खुपसत. म्हणजे ही सुई रुग्णाच्या अंगात जातच नव्हती. दोन नळ्या जोडायला सुईची काही गरज नव्हती. तिथे ती आली कारण ती हाताशी होती आणि स्वस्त होती. औषध संपलं की ती उपसायची. मग लांब नळीच्या टोकाला उघडी सुई लोंबकळत राहते. एका हातात नळी, दुसऱ्या हातात बाटली, डबा खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात. एकूण २६ टक्के इजा एवढ्या एका जोडकामाने केल्या होत्या.

त्या पाच पानांतला मला सर्वात मोलाचा वाटलेला भाग कॅपबद्दलचा आहे. एक तृतीयांश इजा कॅप परत लावण्याशी निगडित होत्या हे बाईंनी लपवलं नाही. फक्त त्या एक पाऊल पुढे गेल्या आणि 'का लावलीत?' असं विचारलं. हा प्रश्न तोवर रागावण्यासाठीच विचारला जात होता, त्यांनी तो उत्तर ऐकण्यासाठी विचारला. उत्तरं अशी आली : सुई उघडी ठेवून सिरिंजचे भाग सुटे करायची भीती वाटली. हातात तीन-चार उघड्या सुया होत्या, त्या एका खेपेत डब्यापर्यंत न्यायच्या होत्या. म्हणजे त्या बायका निष्काळजी नव्हत्या. समोर दोन धोके होते आणि त्यातला कमी वाटणारा त्या निवडत होत्या. ज्या वस्तूने त्यांना या पेचात टाकलं, तिच्याबद्दल एकाही तक्त्यात अक्षर नव्हतं. सुमारे ७० टक्के इजा सुईचं काम झाल्यानंतर आणि ती डब्यात पडण्यापूर्वी झाल्या होत्या. रुग्णाच्या दृष्टीने काम संपलेलं आणि कर्मचाऱ्याच्या जिवावरचा धोका तिथून सुरू.

लेखाच्या शेवटी बाईंनी सुई कशी असावी तेही सांगितलं. वापरानंतर हात आणि टोक यांच्यामध्ये पक्का आडोसा यावा, हात कायम टोकाच्या मागेच राहावा, हा आडोसा वस्तूचाच भाग असावा, कचऱ्यात गेल्यावरही तो टिकावा, आणि वापर इतका सोपा असावा की शिकवावं लागू नये. अभियंत्याला हे फार अवघड नाही.

पण अशी सुई महाग पडते, आणि रुग्णालयाची खरेदी कमीत कमी दरावर चालते. इथून पुढची दहा-बारा वर्षं म्हणजे फायली, सुनावण्या आणि दरपत्रकं. ती मी भरभर ओलांडतो. कामगार संघटनांच्या रेट्यामुळे अमेरिकी सरकारने ६ डिसेंबर १९९१ला रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून कामगारांच्या संरक्षणाचे नियम जाहीर केले. मालकाने हिपॅटायटिस बीची लस फुकट द्यायची, हातमोजे द्यायचे, डबे ठेवायचे. दंतवैद्यांची संघटना याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९९३ साली दंतवैद्यांपुरती हरली. नळ्या जोडायला सुई वापरू नका, असा इशारा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ साली दिला. लस आणि नियम या दोन्हींचा एकत्रित परिणाम असा की १९८३ सालचा १७,०००चा आकडा १९९५पर्यंत सुमारे ४००वर आला. लस स्वीकारायला कचरणाऱ्या कुठल्याही कर्मचाऱ्याला मी हे दोन आकडे दाखवेन.

सुई मात्र अजून जुनीच होती. जुलै १९९८मध्ये बॉस्टनमधल्या आपत्कालीन विभागात केरन डेली नावाच्या अनुभवी परिचारिकेने रक्त काढलं, हातमोजे घातलेल्या हाताने सुई भिंतीवरच्या डब्यात टाकली, आणि त्या डब्यातलीच एक सुई त्यांच्या बोटात घुसली. सगळे नियम पाळलेले. काही महिन्यांनी एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी, दोन्हींचं निदान झालं. त्या राज्य पातळीवरच्या परिचारिका संघटनेच्या पदाधिकारी होत्या. आजार लपवायचा मार्ग त्यांना मोकळा होता, पण त्या नावानिशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली. त्याच १९९८ साली कॅलिफोर्नियाने सुरक्षित सुया सक्तीच्या करणारा पहिला राज्य कायदा केला होता. ६ नोव्हेंबर २०००ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशव्यापी कायद्यावर सही केली.

त्या कायद्यात बाईंच्या त्या मोजणीचा थेट वारसा दिसतो. सुई टोचल्याची नोंद ठेवायची, आणि नोंदीत वस्तूचा प्रकार आणि ब्रँड लिहायचा. अधिक सुरक्षित वस्तू आली आहे का हे दरवर्षी तपासायचं. निवड करताना रुग्णाजवळ प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं मत घ्यायचं. २०१२ साली जॅगर आणि सहकाऱ्यांनी आधीची-नंतरची आकडेवारी प्रसिद्ध केली. कायदा लागू होताच इजा सुमारे ३८ टक्क्यांनी उतरल्या होत्या. परिचारिका त्याच, त्यांचं लक्षही तेवढंच. बदलल्या होत्या सुया.

आता आपल्याकडे येतो, कारण हा सगळा शोध मला शेवटी इथेच घेऊन आला. आपल्याकडे सुईबद्दलचा सर्वात तपशीलवार कायदा कोणता? जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम, पहिले १९९८चे, आताचे २०१६चे. ते पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निघाले. त्यांच्या लेखी सुई म्हणजे आधी कचरा : कटरने तोडायची, भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. यात गैर काहीच नाही. या नियमांत कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची तरतूदही आहे, तिचं मी मनापासून स्वागत करतो. पण कटरचा उपयोग सुई कटरपर्यंत पोचल्यावर, आणि ते ७० टक्के तर तिथे पोचण्यापूर्वीचे.

२०१६च्या नियमांत 'मोठा अपघात' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. कचरा नेणारा ट्रक उलटला, कचरा पाण्यात मिसळला, तर तो मोठा अपघात. सुई टोचणं मात्र त्यातून नाव घेऊन वगळलं आहे. अशा घटना वार्षिक अहवालात गेल्या की झालं. जो अपघात सर्वात जास्त वेळा होतो आणि ज्याने एखाद्या मावशीचं यकृत कायमचं खराब होऊ शकतं, तो कागदावर लहान ठरला. लहान ठरला म्हणून त्याची चौकशी नाही, चौकशी नाही म्हणून कुठल्या वस्तूने टोचलं हे कुणाला माहीत नाही. ही व्याख्या बदलायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

एचआयव्हीपुरता आपला कायदा पुढे आहे. १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेल्या २०१७च्या कायद्याच्या १९व्या कलमाने, जिथे लागणीचा लक्षणीय धोका आहे अशा प्रत्येक आस्थापनेवर संरक्षक साधनं, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरची औषधं पुरवायची जबाबदारी टाकली. ही औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. म्हणून टोचल्यावर लाजून गप्प बसणं सर्वात घातक. ओरडा खावा लागेल या भीतीने रात्रपाळीची मुलगी सकाळपर्यंत थांबली, तर तिचे मोलाचे तास गेले. दोष हाताला द्यायची सवय इथे थेट जिवावर उठते.

लशीचं म्हणाल तर पैशांचं कारण कधीच संपलं. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली हिपॅटायटिस बीची देशी लस आणली आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. अडतं ते दुसरीकडे. लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले, आणि वॉर्डबॉय, मावशी, सफाई कामगार कंत्राटावर. मध्येच कंत्राटदार बदलला तर तिसऱ्या डोसची जबाबदारी कुणाची? ज्या रुग्णालयाची सुई, त्याची.

या साखळीत सर्वात शेवटी उभ्या असलेल्या कचरावेचक बाईला कुठलंच रुग्णालय नाही. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून २००८च्या सुमारास घरोघरचा कचरा उचलणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. यातल्या बहुसंख्य कचरावेचक दलित स्त्रिया. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते उघडावं लागणार नाही, ही मोहीम त्यांनीच सुरू केली. वस्तू हातात घेणाऱ्यांनीच धोका ओळखून उपाय सुचवला. जॅगरबाईंनी केलं ते याहून वेगळं नव्हतं.

पण पिशवीतली सुई ठिपक्याने ओळखू येत नाही. घरोघर मधुमेही आहेत, इन्शुलिनच्या पेनच्या सुया आणि साखर तपासायच्या लॅन्सेट रोज फेकल्या जातात. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी घरातल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या, त्या ओल्या-सुक्यात टाकायच्या नसतात. तुमच्या घरी कुणी इन्शुलिन घेत असेल तर जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली आजच बाजूला काढा. सुया तिच्यात साठवा, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळा, वर ठळक अक्षरांत 'सुया' असं लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात ती वेगळी, सांगून द्या.