पक्षाघातात हृदयाची तपासणी

हैदराबादेत विवेकवर्धिनी संस्थेच्या आश्रयाने मराठी शिक्षण जेथे नांदले, त्या जामबागेतून मुसीकाठच्या उस्मानिया दवाखान्याची वाट फार लांबची नाही. आणि घरातील वडीलधाऱ्याचे तोंड अचानक वाकडे होऊन हात लुळा पडला, की त्यास तातडीने दाखल करून मेंदूचा सीटी स्कॅन काढावा, हे आता सर्वश्रुत आहे. परंतु विकार मेंदूचा असता छातीवर गार जेल लावून हृदयाचा इको कशाला, ही नातलगांची पृच्छाही गैरवाजवी नव्हे.

रक्तवाहिनी अडून होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे पंचमांशांत अडथळ्याची गुठळी हृदयातून आलेली असते. हृदयाचा खालचा डावा कप्पा, म्हणजे डावे निलय, निरोगी असता दर ठोक्याला आपल्यातील रक्ताचा साधारण ५५ ते ७० टक्के भाग बाहेर लोटते. जुन्या हृदयविकाराच्या झटक्याने त्याच्या टोकाचा स्नायू निकामी होऊन हे प्रमाण ४०च्या खाली उतरले, तर तेथे रक्त साचून थिजते, आणि त्याचा सुटलेला तुकडा मानेच्या धमनीतून मेंदू गाठतो.

एडलर व हर्ट्झ यांनी १९५३ साली स्वीडनमध्ये आरंभिलेली इको ही ध्वनिलहरींची तपासणी वेदनारहित खरी, मात्र टोकाशी चिकटलेली लहान गुठळी तिच्या नजरेतून निसटते. म्हणून शंका उरल्यास हृदयाच्या एमआरआयची तजवीज करतात. गुठळी सापडल्यास बहुधा केवळ अ‍ॅस्पिरिनवर भागत नाही, रक्त गोठू न देणारे अधिक प्रबळ औषध काही महिने लागते. ते केव्हा सुरू करावे, हे मेंदूतील इजेच्या व्याप्तीवर ठरते, कारण ताज्या इजेत रक्तस्रावाचे भय असते.

कधी उलटेही घडते: पक्षाघाताच्या धक्क्यानेच निरोगी निलय काही दिवस मंदावते. अशा रोग्याचा इको काही आठवड्यांनी पुन्हा करतात.