मदतीचा फोन नेमका कोणाला?

दान देणारे हात मिळाले, तरी ते दान योग्य दारी पोहोचवण्यासाठी माणसांचा वेळ लागतो आणि स्वयंसेवी संस्थांकडे पैशाइतकाच तुटवडा असतो तो या वेळेचा. कार्यकर्ते मोजके आणि गरजू हजारो, अशा स्थितीत आज कोणाकडे जायचे, हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. आजवर त्याचे उत्तर अनुभवाने किंवा यादीतील क्रमाने दिले जात असे. आता हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवले जाऊ लागले आहे. मजकूर लिहून देणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या साधनांच्या गाजावाजात या वापराकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मुंबईत झालेला एक प्रयोग त्यासाठी समजून घेण्याजोगा आहे.

ऐकणे थांबते तेव्हा

डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली ‘अरमान’ ही संस्था माता आणि बालकांच्या आरोग्यासाठी काम करते. तिच्या ‘एममित्र’ या उपक्रमात नाव नोंदवलेल्या महिलेला गरोदरपणात आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत मोबाइलवर ध्वनिमुद्रित संदेश विनामूल्य ऐकवले जातात. लोहाच्या गोळ्या, आहार, लसीकरण, धोक्याची लक्षणे असे त्यांचे विषय असतात. त्या त्या आठवड्याला जे सांगणे आवश्यक, तेच सांगितले जाते.

अडचण अशी, की काही आठवड्यांनी अनेक महिलांचे हे संदेश ऐकणे कमी होते किंवा थांबते. कुठे फोन पतीकडे असतो, कुठे ठरवलेली वेळ गैरसोयीची होते, तर कुठे घरातील कामांपुढे फोनकडे लक्षच जात नाही. अशा वेळी आरोग्यसेविकेने स्वतः फोन करून विचारपूस केली, तर संवाद पुन्हा जुळू शकतो. परंतु आठवड्याभरात असे फोन होणार किती? सर्वांना ते करता येत नाहीत, म्हणून निवड आलीच.

कोण गळेल, की कोण वळेल?

ही निवड अधिक नेमकी व्हावी, यासाठी संस्थेने गुगलच्या भारतातील संशोधन विभागाशी सहकार्य केले. हार्वर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ प्रा. मिलिंद तांबे हे त्या संशोधनाचे नेतृत्व करीत होते. प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते: ज्या महिला ऐकणे सोडून देण्याचा संभव अधिक, त्यांना फोन करावा. पण एखादीच्या घरची परिस्थितीच अशी असते, की सेविकेच्या फोननेही फरक पडत नाही. तर दुसरी एका फोनने पुन्हा नियमित ऐकू लागते. म्हणून संगणकाला विचारण्यात आलेला प्रश्न वेगळा होता: कोणाला फोन केल्याने सर्वाधिक फरक पडेल?

त्यासाठी पूर्वीच्या महिलांच्या ऐकण्याच्या नोंदी अभ्यासून सारख्या वर्तनाचे गट पाडले गेले. नव्या महिलेचे वय, शिक्षण, उत्पन्न, फोन कोणाच्या मालकीचा अशा नोंदणीच्या माहितीवरून ती कोणत्या गटात बसते, याचा अंदाज बांधला गेला. या आठवड्यात फोन केला तर काय होईल आणि न केला तर काय होईल, यांतील अंतर काढून प्रत्येकीला एक निर्देशांक दिला गेला. या पद्धतीचा गणिती पाया पीटर व्हिटल या गणितज्ञाने १९८८ मध्ये घातला होता.

सुमारे २३ हजार महिलांचे तीन गट करून सात आठवडे हा प्रयोग चालला. एका गटाला संस्थेकडून विचारपुशीचे फोन केले नाहीत, दुसऱ्यात क्रमवारीने केले, तर तिसऱ्यात संगणकाच्या सल्ल्याने केले. काहीच न करण्याच्या तुलनेत तिसऱ्या गटातील गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. क्रमवारीने केलेल्या फोनांचा मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. फोन करणारी माणसे तीच होती, बदलली ती केवळ निवड. पुढे २०२२ मध्ये ‘सहेली’ या नावाने ही प्रणाली प्रत्यक्ष कामात आणली गेली.

वगळलेल्यांचे काय?

या यशातच एक अवघड प्रश्न दडलेला आहे. सर्वाधिक फरक पडणारी महिला ही सर्वाधिक गरजू असेलच असे नाही. जिच्या हाती फोनच पडत नाही, तिचा निर्देशांक खाली राहील आणि कदाचित तिलाच मदतीची निकड अधिक असेल. शिवाय संदेश ऐकणे म्हणजे आरोग्य सुधारणे नव्हे. ते सहज मोजता येते, म्हणून संगणकापुढे ठेवता येते. या प्रयोगात संस्थेने फोनसाठी न निवडलेल्या महिलेलाही ‘मिस्ड कॉल’ देऊन स्वतःहून मदत मागण्याची सोय होती. ही छोटीशी वाट अशा प्रत्येक उपक्रमात मोकळी असायला हवी.

आफ्रिकेतील टोगो या देशाचा अनुभवही हेच सांगतो. करोनाच्या काळात, २०२० मध्ये तेथील सरकारने ‘नोविसी’ ही रोख मदतीची योजना सुरू केली. गरिबांची अद्ययावत यादी हाती नव्हती. तेव्हा ‘गिव्हडायरेक्टली’ ही संस्था आणि संशोधकांच्या साहाय्याने उपग्रहचित्रांवरून गरीब भाग आणि मोबाइल वापराच्या नोंदींवरून गरीब व्यक्ती शोधण्यात आल्या. २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सरकारपुढे असलेल्या भौगोलिक निवडीच्या पर्यायांपेक्षा गरीब वगळले जाण्याचे प्रमाण ४ ते २१ टक्क्यांनी घटले. मात्र सर्व कुटुंबांची परिपूर्ण नोंदवही असती, तर तिच्या तुलनेत ते ९ ते ३५ टक्के अधिकच ठरले असते. ज्याच्याकडे मोबाइलच नाही, तो अशा शोधात सापडणार कसा?

माणसाला मदत करणे वेगळे आणि माणसाची जागा घेणे वेगळे. आहारविकारांनी त्रस्त असलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेला २०२३ मध्ये आपला संगणकीय संवादक बंद करावा लागला. मदतीसाठी आलेल्यांनाच तो वजन घटवण्याचे सल्ले देऊ लागला होता.

म्हणूनच देणगीदारांनी एखाद्या संस्थेच्या ‘अत्याधुनिक’ प्रणालीने भारावून जाण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. यंत्राला कोणते उद्दिष्ट दिले आहे? लाभार्थींची माहिती त्यांच्या संमतीने घेतली आहे का आणि ती कोणाच्या ताब्यात आहे? यादीबाहेर राहिलेल्यांकडे कोण पाहते? निवडीचे गणित संगणक करील. पण कोणाला मागे राहू द्यायचे नाही, हे संस्थेलाच ठरवावे लागेल.