देहधारी देव आणि नगर जिल्हा

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला, देव माणसाच्या रूपात भेटतो ही कल्पना मुळीच परकी नाही. याच जिल्ह्यात नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवर भाष्य करताना चौथ्या अध्यायातील अवतारविचार ओवीबद्ध केला; शिर्डीचे साईबाबा १९१८ मध्ये समाधिस्थ होण्यापूर्वीच अनेक भक्तांना साक्षात देव वाटत होते; आणि शहरालगत अरणगावजवळच्या मेहेराबादला ज्यांची समाधी आहे त्या मेहेरबाबांनी १९५४ मध्ये आपण अवतार असल्याचे जाहीर केले होते. अशा मुलखात १८३१ च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती संस्थेचे धर्मोपदेशक आले, तेव्हा देव माणूस झाला हे त्यांचे सांगणे ऐकणाऱ्यांना अशक्य वाटण्याचे कारण नव्हते. अडचण असलीच तर ती नेमकी उलट होती, कारण ऐकणारा येशूलाही आणखी एक अवतार मानून आपल्या देव्हाऱ्यात सहज जागा देऊ शकत होता.

ख्रिस्ती धर्मशास्त्र ज्याला देहधारण म्हणते ते मात्र अवतारकल्पनेपासून काही बाबतींत स्पष्टपणे वेगळे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांपैकी एकात, ज्याला ‘शब्द’ असे नाव दिले आहे तो ईश्वराचा सनातन पुत्र मरियेच्या उदरी खराखुरा माणूस झाला आणि माणसांत राहिला, असा हा विश्वास आहे. गीतेतील अवतार धर्माला ग्लानी येईल तेव्हा तेव्हा पुन्हा होतो. देहधारण मात्र एकदाच झाले, तेही रोमन साम्राज्याच्या एका कोपऱ्यात, इतिहासाला ठाऊक असलेल्या काळात, आणि ते पुढे संपलेही नाही, कारण पुनरुत्थानानंतरही, म्हणजे मृत्यूतून पुन्हा उठल्यावरही, ख्रिस्ताने मनुष्यत्व टाकून दिले नाही असे हा धर्म मानतो.

या विश्वासाला नेमके शब्द मिळायला चार शतके लागली. येशूचा देह केवळ भास होता असे काही जण सांगत होते, तर अलेक्झांड्रियाचा आरियस हा धर्मगुरू पुत्र हा देवाने निर्माण केलेला, म्हणून देवापेक्षा कनिष्ठ, असे शिकवत होता. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने आरियसचे मत नाकारले आणि ४५१ च्या खाल्केदोन परिषदेने येशू पूर्णपणे देव व पूर्णपणे मनुष्य असून ही दोन्ही स्वरूपे एकाच व्यक्तीत, मिसळून न जाता आणि वेगळी न पडता, असतात असा निर्णय दिला. हा वाद वरवर शब्दच्छलाचा वाटला तरी त्याच्या मुळाशी तारणाचा, म्हणजे पापापासून व मृत्यूपासून सुटकेचा, प्रश्न होता: देवाने माणसाचे जे स्वीकारलेच नाही ते तो बरे कसे करणार, आणि जो स्वतः देव नाही तो माणसाला देवापर्यंत कसा नेणार?

नगर जिल्ह्यातील ज्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने हा धर्म स्वीकारला त्यांना खाल्केदोनशी कर्तव्य नव्हते. त्यांतील बहुसंख्य गावकुसाबाहेरचे महार व मांग होते, आणि त्यांच्या धर्मांतरामागे शाळा, दुष्काळातील मदत व गावच्या जाचापासून मिळणारा आधार हीही कारणे होती; सारे काही केवळ तत्त्वचिंतनातून घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही कथेचे स्वतःचे बळ कमी लेखता येत नाही. गोठ्यात जन्मलेला, सुतारकाम केलेला, दमून विहिरीपाशी बसलेला हा देव आहे. शोमरोनच्या ज्या स्त्रीकडे तो पाणी मागतो तिच्या लोकांशी येशूचे यहुदी लोक खाण्यापिण्याचा व्यवहार ठेवत नसत, आणि त्याच्याकडे पोहरासुद्धा नसतो. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर हात लावण्याची मनाई होती त्यांच्यासमोर ही गोष्ट वाचली गेली असेल, तेव्हा तिचा अर्थ समजावून सांगण्यास फारसे व्याख्यान लागले नसावे. (चर्चमध्ये आल्यानंतरही जात सगळ्यांच्याच मनातून गेली नाही, ही गोष्ट वेगळी.)

देव भक्ताच्या घरी राबतो हे वारकरी परंपरेलाही ठाऊक आहे. गोदावरीकाठी पैठणला श्रीखंड्या होऊन एकनाथांच्या घरी पाणी भरणारा कृष्ण आणि जनाबाईबरोबर दळणारा विठ्ठल या कथा नगरच्या खेड्यापाड्यांत सर्वांना पाठ होत्या. तथापि श्रीखंड्याचे रूप हे घेतलेले सोंग आहे, ओळख पटताच ते अंतर्धान पावते. ख्रिस्ती कथेत सोंगच नाही, त्यामुळे भूक, थकवा, मित्राच्या मृत्यूवर ढाळलेले अश्रू आणि शेवटी वधस्तंभावरचा मृत्यू हे सारे देवाला खरोखरच भोगावे लागते.

तरीही सांगण्याची पद्धत भक्तिपरंपरेकडूनच घ्यावी लागली. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून ती वाट दाखवली होतीच. नगरमध्ये कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी येशूचे चरित्र कीर्तनातून मांडले, म्हणजे टाळमृदंगाच्या साथीने पदे व निरूपण एकत्र गुंफले. या प्रयत्नांचा कळस नारायण वामन टिळक यांच्या काव्यात दिसतो. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा जलविधी, घेतल्यावर टिळक नगरला आले, तेथील ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत त्यांनी शिकवले, आणि १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे ते पुढे संपादक झाले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. मिशनऱ्यांच्या उपदेशात वधस्तंभ आणि पापक्षमा यांवर भर होता. टिळकांनी तो नाकारला नाही, पण त्यांच्या अभंगांत ख्रिस्त बहुतेक वेळा गुरू आणि माउली म्हणून जवळ असतो, आणि देव आपल्यासोबत राहतो ही देहधारणाची बाजू मराठीत त्यांच्याइतक्या उत्कटतेने दुसऱ्या कोणी क्वचितच मांडली असेल. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. दोन वर्षांनी ते वारले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे ओवीबद्ध चरित्र अपुरेच राहिले आणि त्याचा फार मोठा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी लिहिला.

जिल्ह्यातील रोमन कॅथॉलिकांमध्ये देहधारणाचा हाच विश्वास आईच्या रूपाने प्रकट होतो. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे १९४९ पासून दर सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, यात्रा भरते आणि तिला इतर धर्मांचे लोकही येतात. मरियेला देवमाता म्हणावे की नाही हा वाद ४३१ च्या इफिसस परिषदेपुढे आला होता. जो जन्मला तो एकच आहे आणि तो देव आहे, म्हणून त्याची आई देवमाता, असा तेथे निर्णय झाला. अमेरिकन मिशनच्या परंपरेतील मंडळ्या मरियेची प्रार्थना करत नाहीत, परंतु इफिससचा निर्णय मुळात तिच्या पुत्राविषयी असल्याने त्याचा गाभा त्यांनाही मान्य आहे.