शेळ्यामेंढ्यांचे लंगडणे आणि मोरचूद

पावसाळ्यात कळप लंगडू लागला की मेंढपाळ औषधालयात मोरचूद मागतो. तुत्थ व्रणशोधक म्हणून आपणां सर्वांस परिचित असल्याने ते देताना आपला हात अडखळत नाही. तो अडखळावा, असे आम्हांस वाटते. मेंढीच्या शरीरातून तांबे सहजी बाहेर पडत नाही. ते यकृतात साचते आणि एके दिवशी अकस्मात रक्तपेशी फुटून कावीळ, गडद लाल लघवी व मृत्यू ओढवतो. खुरांसाठी केलेले द्रावण मेंढी पिऊही शकते, हे विसरू नये.

उपचारापूर्वी निदान हवे. खुरांच्या बेचक्यात ओल, दुर्गंधी व सुटलेले कवच आढळल्यास तो खूर सडण्याचा संसर्गजन्य रोग समजावा. चिखलाने मऊ पडलेल्या त्वचेतून जिवाणू आत शिरतात. ताप व तोंडात फोड असल्यास लाळ्या-खुरकुताची शंका घेऊन पशुवैद्यकांस तत्काळ कळवावे.

खूर सडल्यास लंगडे जनावर वेगळे ठेवावे. १० लिटर पाण्यात १ किलो झिंक सल्फेट विरघळवून त्यात खुरे काही मिनिटे बुडवावीत व नंतर जनावर कोरड्या, कठीण जागी उभे करावे. रक्त येईपर्यंत खूर तासू नये. प्रतिजैविकाचा निर्णय पशुवैद्यकांचा.

निदानपरिवर्जन हाच येथेही मुख्य उपाय होय: वाडा कोरडा राखावा, विकत आणलेली जनावरे काही दिवस अलग ठेवावीत, लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचून घ्यावी. मोरचुदाची पुडी बांधण्यापूर्वी ‘मेंढी की गाय?’ एवढे विचारले, तरी एखादा कळप वाचेल.