बागेत खोकडाची पिल्ले दिसली तर



समजा, एप्रिल महिना आहे. गावाबाहेरच्या शाळेच्या बागेत तिन्हीसांजेला बांधाशी तीन पिल्ले खेळताना दिसतात. कोणी म्हणते कुत्र्याची, कोणी म्हणते कोल्ह्याची. आई काही दिसत नाही. पोरांना दया येते, एकजण दूध आणायला पळतो, दुसरा पिल्लू उचलायला वाकतो. इथेच थांबा, एवढे सांगण्यासाठी हे चार शब्द.

ही पिल्ले बहुधा खोकडाची असतात. खोकड आणि कोल्हा यांत आपली नेहमी गल्लत होते. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण तासगावच्या द्राक्षबागांत कोण म्हणत नाही? पण इसापाच्या मूळ गोष्टीतला प्राणी खोकडाच्या कुळातला. मराठीत येता येता त्याचा कोल्हा झाला. कोल्हा आठ-दहा किलो वजनाचा, रात्री कुई करणारा. खोकड अवघा दोन-तीन किलोंचा, मांजरापेक्षा जरासा मोठा. कान मोठे, पाय बारीक, शेपूट लांब झुपकेदार आणि तिचे टोक काळे.

याला दाट रान आवडत नाही. उघडा माळ हवा. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा त्याचा खरा मुलूख. म्हैसाळ, ताकारी, टेंभू योजनांचे पाणी आले, तशी माळावर डाळिंब आणि द्राक्षे उभी राहिली. घरे आणि शाळाही माळाकडे सरकल्या. ते चांगलेच झाले; पण पिल्ले आपल्या बागेत दिसतात याचे कारणही तेच आहे. विलायतेत ब्रिस्टल, लंडनसारख्या शहरांतल्या परसबागांत तांबडी खोकडे पिल्ले वाढवतात. आपले खोकड मात्र अजून माळालाच धरून आहे.

आता पिल्लांची आई कुठे गेली? ती भक्ष्यासाठी गेली आहे, किंवा तुम्हांला पाहून जवळच दबा धरून बसली आहे. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास विते. एका वेतात साधारण दोन ते चार पिल्ले. बिळाला तोंडे अनेक असतात, म्हणजे एका वाटेने धोका आला तर दुसरीने निसटता येते. नर आणि मादी दोघेही पिल्ले सांभाळतात. पिल्ले महिनाभराची झाली की बिळाच्या तोंडाशी खेळू लागतात. तेव्हा एकटे दिसलेले पिल्लू पोरके असतेच असे नव्हे.

उलट, आपण उचलून घरी आणले की ते खरोखर पोरके होते. गाईच्या दुधाने त्याला हगवण लागते. माणसाची भीती गेली, शिकार शिकली नाही, की मोठेपणी सोडले तरी कुत्र्यांच्या तोंडी जाते.

म्हणून एवढे करा. लांबूनच पाहा आणि निघून जा. बिळात काठी घालू नका, धूर करू नका, तोंडे बुजवू नका. कुत्री दोन-तीन आठवडे बांधून ठेवा. कुत्र्यांना लसही टोचून घ्या, कारण त्यांचे रोग खोकडांना मारतात. आई घाबरली तर ती स्वतःच पिल्ले तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेते. पिल्लू जखमी असेल, किंवा आई मेलेली दिसली, तरच वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्य प्राणी पकडणे व पाळणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. घरगुती औषधावर राहू नका.

शेतकऱ्याने याचा हिशेबही करावा. खोकड बोरे खाईल, एखादे कलिंगड फोडील, कोंबडी मोकळी असली तर तीही नेईल. खुराडे रात्री नीट लावा. पण त्याचे रोजचे खाणे म्हणजे उंदीर, टोळ, वाळवी आणि खेकडे. उंदरांपायी आपण किती धान्य घालवतो, ते आपणच जाणतो.

गुरुजी, तुम्हांला तर घरबसल्या निसर्गाचा धडा मिळाला. बांधावरचे पायठसे मुलांना दाखवा, लांबून मोजणी करून वहीत टिपून ठेवायला सांगा. पावसाळा सरता सरता पिल्ले मोठी होऊन आपापल्या वाटेने जातील आणि बीळ रिकामे होईल. तेवढे दिवस बागेचा तो कोपरा नांगरायचा राहिला तर बिघडणार नाही.